नदी आवडते, तर तिची नोंदही ठेवू या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकात रोज कमाल-किमान तापमान छापून येते. नदीची बातमी मात्र पूर आला, मासे मेले किंवा फेस तरंगला की मगच येते. नदीवर माया असणारी माणसे शहरात पुष्कळ आहेत आणि खेड्यातही. पुलावरून जाताना ती हमखास खाली डोकावतात, पाणी चढले की उतरले हे एकमेकांना सांगतात. या मायेला मोजमापाची जोड मिळाली, तर नदीच्या बाजूने बोलताना हातात काहीतरी ठोस येईल. पाण्याची मोजणी आणि पाण्यातल्या जीवांची पाहणी हे आमचे रोजचे काम आहे. सर्वसामान्य वाचकाला यातले काय करता येण्यासारखे आहे आणि त्यात कुठे फसायला होते, ते तपशिलाने कळवत आहोत. पत्राच्या शेवटी आपल्याकडे एक मागणीही आहे.

सुरुवात पाण्याच्या पातळीपासून करावी. ही सर्वांत सोपी नोंद आहे आणि फार जुनीही. कैरोतल्या रोडा बेटावरचा नायलोमीटर इसवी सन ८६१ मधला. दगडी विहिरीच्या मधोमध अष्टकोनी खांब, त्यावर हाताच्या मापाच्या खुणा, आणि नाईलचे पाणी आत यावे म्हणून वेगवेगळ्या उंचीवर तीन बोगदे. पाणी किती चढले यावरून त्या वर्षी पीक कसे येणार आणि सारा किती घ्यायचा याचा अंदाज बांधला जाई. एल्बे नदीत याच्या उलट टोकाची नोंद आहे. चेक प्रजासत्ताकातल्या देचीन इथे पाणी फार खाली गेले तरच उघडा पडणारा एक दगड आहे. त्यावर १६१६ पासूनच्या दुष्काळांची वर्षे कोरलेली आहेत आणि ‘मी दिसलो तर रडा’ अशा अर्थाची ओळ आहे. पुराच्या रेघा बऱ्याच गावांच्या भिंतींवर सापडतात, नीचांकाच्या क्वचितच. म्हणून उन्हाळ्यातली पातळी लिहून ठेवणारा माणूस फार मोलाचे काम करत असतो.

पुलाच्या कठड्यावर एक जागा कायमची ठरवून घ्यावी. मोजपट्टीच्या टोकाला अर्धा किलोचे वजन बांधून ते हळूहळू खाली सोडावे आणि वजनाचा तळ पाण्याला नुकता टेकला की कठड्याच्या कडेशी आकडा वाचावा. हे अंतर वाढले म्हणजे पाणी उतरले. वाऱ्याच्या दिवशी पट्टी बाक घेते आणि अंतर आहे त्यापेक्षा जास्त भरते. वजन हलके असेल तर ही चूक वाढते. पाण्यावर लाटा असतील तर सर्वांत वरचे आणि सर्वांत खालचे वाचन घेऊन त्यांचा मध्य धरावा. खांबाच्या अगदी समोर, प्रवाह आदळतो त्या अंगाला मोजू नये, कारण तिथे पाणी फुगलेले असते आणि खांबाच्या मागे ते दबलेले असते. दोन खांबांच्या मधली जागा बरी. वेळ रोज एकच ठेवावी. वर कुठे धरणाचे दरवाजे उघडत-मिटत असतील, तर सकाळ-संध्याकाळच्या पातळीत पावसाशी काडीचाही संबंध नसलेला फरक पडतो. तो नोंदवहीत शेऱ्यासह आला पाहिजे. समुद्राजवळच्या नदीत भरती-ओहोटीची वेळ लिहिल्याशिवाय आकड्याला अर्थ उरत नाही.

नुसत्या पातळीवरून पाणी किती वाहते ते कळत नाही. त्यासाठी विसर्ग, म्हणजे दर सेकंदाला वाहून जाणारे पाणी, काढावा लागतो, आणि छोट्या नदीत तो घड्याळ, टेप, काठी आणि एक संत्रे एवढ्या साहित्यावर निघतो. संत्रे घ्यायचे ते पाण्यात जवळजवळ पूर्ण बुडून वाहते म्हणून. त्याला वारा ढकलत नाही आणि ते लांबून दिसते. अर्धी भरलेली बंद बाटलीही चालते. थर्माकोलचा तुकडा किंवा वाळके पान घेऊ नये, कारण ते वाऱ्याचा वेग सांगते.

नदी सरळ वाहते आहे, पाण्यात मोठे दगड किंवा झुडपे नाहीत आणि भोवरे दिसत नाहीत, असा २० मीटरचा टप्पा निवडावा. दोन्ही टोकांना दोरी आडवी बांधावी. वरच्या दोरीच्या बरेच वर संत्रे सोडावे, म्हणजे दोरीपर्यंत येईतो ते प्रवाहाचा वेग पकडते. मधोमध, डावीकडे आणि उजवीकडे असे पाच-सहा वेळा सोडावे. काठाला अडकले तर ती फेरी सोडून द्यावी. समजा सरासरी ५० सेकंद लागले. म्हणजे पृष्ठभागावरचा वेग सेकंदाला ०.४ मीटर. तळाशी आणि काठाशी पाणी घासून मंद होते, म्हणून या वेगाला ०.८५ ने गुणायचे. मिळाले ०.३४. तळ फार खडबडीत आणि पाणी उथळ असेल तर हा गुणक आणखी खाली येतो. संत्र्याने दिलेला वेग न गुणताच वापरणे ही सर्वांत जास्त दिसणारी चूक आहे.

आता छेद, म्हणजे पात्रातल्या पाण्याचा आडवा काप, काढायचा. पात्र ८ मीटर रुंद आहे असे धरू. दर मीटरला काठी उभी धरून खोली मोजली आणि ती ०.१५, ०.३५, ०.५५, ०.७०, ०.६५, ०.५० आणि ०.३० मीटर भरली. बेरीज ३.२०. दोन मोजण्यांमधले अंतर १ मीटर असल्यामुळे छेदाचे क्षेत्रफळ ३.२ चौरस मीटर. इथे बरेच जण सात खोल्यांची सरासरी काढून तिला आठाने गुणतात. तसे केले तर ३.६६ येते, म्हणजे चौदा टक्के जास्त, कारण दोन्ही काठांना खोली शून्य आहे हे हिशेबातून निसटते. ३.२ गुणिले ०.३४ म्हणजे सेकंदाला सुमारे १.०९ घनमीटर, साधारण ३८ क्युसेक (सेकंदाला घनफूट). वरच्या आणि खालच्या दोन्ही दोऱ्यांपाशी छेद काढून त्यांची सरासरी घेतली तर उत्तम. काठी गाळात रुतते, त्यामुळे तिच्या टोकाला तळहाताएवढी चपटी चकती लावावी. या पद्धतीत दहा-वीस टक्क्यांची चूक राहते, आणि तशी ती लिहून ठेवावी. एका दिवसाच्या आकड्याची चूक तेवढी खटकत नाही. तीच जागा, तीच रीत आणि वर्षभराच्या नोंदी असल्या की बदल साफ दिसतो.

पातळी आणि विसर्ग यांच्या दहा-बारा जोड्या जमल्या, निरनिराळ्या हंगामांतल्या, की त्यांचा आलेख काढून ठेवावा. मग नुसती पातळी वाचून विसर्ग सांगता येतो. मोठा पूर येऊन गेला की मात्र तळ खरवडला जातो किंवा गाळाने भरतो आणि जुना आलेख खोटा पडतो. त्यासाठी पुरानंतर दोन-तीन मोजण्या नव्याने घ्याव्याच लागतात. आलेख पुरा करण्यासाठी भरल्या पाण्यात उतरून मोजण्याचा हट्ट कोणी धरू नये. आलेखाचा वरचा भाग मोकळा सोडावा.

शहरातली नदी आणि खेड्यातली नदी यांच्यात फरक कुठे पडतो, हे अशा नोंदीतून दिसते. खेड्यात पाऊस जमिनीत मुरतो, झाडाझुडपांत अडतो आणि नदी हळूहळू चढून हळूहळू उतरते. शहरात छपरे, रस्ते आणि गटारे पाणी थेट नदीत आणून टाकतात. चढ लवकर येतो, उंच येतो आणि लगेच ओसरतो. मागे उरते ते मुरलेले पाणी नसलेले, म्हणून उन्हाळ्यात पार आटलेले पात्र. तेच पात्र काँक्रीटचे केले तर आणखी एक गोष्ट घडते. दगडगोटे आणि वेली असलेल्या नैसर्गिक पात्राचा खडबडीतपणा अभियांत्रिकीच्या हिशेबात ०.०३५ च्या आसपास धरतात, गुळगुळीत काँक्रीटचा ०.०१५. उतार आणि खोली तीच ठेवली तर पाणी दुपटीहून वेगाने धावते. ज्या भागाने भिंत बांधली तिथले पाणी झटपट निघून जाते आणि खालच्या गावाच्या दारात एकदम उभे राहते.

नदीचा तळ हा आमच्या मते सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. पुलावरून नदी बघणाऱ्याला वरचे पाणी दिसते. नदीचे खरे घर खाली असते. मोकळी नदी सपाट तळाने कधीच वाहत नाही. खळाळ (उथळ, वेगाने खळखळणारे पाणी) आणि डोह आळीपाळीने येतात, आणि दोन खळाळांमधले अंतर पात्राच्या रुंदीच्या साधारण पाच ते सातपट असते. २० मीटर रुंद नदीत शंभर-सव्वाशे मीटर चालले की पुढचा खळाळ सापडावा. खळाळात पाणी हवेत मिसळते, तिथे किडे-जीव वाढतात. डोहात मासे उन्हाळा काढतात. पात्राचे सपाटीकरण करून यंत्राने एकसारखा उतार काढला की दोन्ही एकाच वेळी जातात. पात्र दिसायला नीटनेटके होते, पण उरलेले पाणी घोट्याइतक्या पातळ थरात पसरते, तापते आणि माशाला लपायला जागा राहत नाही.

गोट्यांची मोजणी अगदी शाळकरी मुलांनाही जमते. अमेरिकी जलशास्त्रज्ञ वोलमन यांनी १९५४ मध्ये मांडलेली रीत आजही तशीच वापरतात. काठापासून काठापर्यंत तिरपे चालत जायचे, दर पावलाला खाली न बघता बुटाच्या टोकाशी बोट टेकवायचे आणि बोटाला लागेल तो दगड उचलायचा. त्याची सर्वांत लांब आणि सर्वांत आखूड बाजू सोडून मधली बाजू मोजायची. असे शंभर दगड. आकार लहानापासून मोठ्यापर्यंत लावले की पन्नासावा दगड तळाचा सर्वसाधारण आकार सांगतो. डोळे उघडे ठेवून उचलले की हात आपोआप मोठ्या आणि सुंदर दगडाकडे जातो, आणि मोजणी बिघडते. बोटाला वाळू लागली तर ‘वाळू’ असे लिहायचे, पुढचा गोटा शोधायचा नाही. वर्षागणिक पन्नासावा दगड लहान होत चालला, तर वर कुठे माती सुटली आहे, उतार खणला जातो आहे किंवा बांधकामाचा राडारोडा येतो आहे, असे समजावे. गोट्यांमध्ये गाळ घट्ट बसला तर त्यांच्या फटीतून वाहणारे पाणी थांबते आणि तिथे घातलेली माशांची अंडी गुदमरतात. गोटे कसे टेकून पडले आहेत तेही बघावे. चपटे गोटे एकमेकांवर रेललेले असतात आणि त्यांची खालची कड प्रवाहाच्या वरच्या दिशेला असते. नदी पूर्ण कोरडी असली, तरी पाणी कुठल्या बाजूला वाहत होते ते त्यावरून कळते.

वळणांबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण ‘नदी सरळ करा, म्हणजे पूर येणार नाही’ ही मागणी अजूनही ऐकू येते. नदी वळते का, याचे कारण आइनस्टाइन यांनी १९२६ मधल्या एका छोट्या लेखात चहाच्या कपावरून समजावले आहे. कप ढवळला की पाने कडेला न जाता मधोमध तळाशी गोळा होतात, कारण तळाशी पाणी घासून मंदावते आणि आतल्या बाजूला सरकते. नदीच्या वळणावरही वरचे वेगवान पाणी बाहेरच्या काठाला भिडून खाली उतरते आणि तळाने आतल्या काठाकडे येते. बाहेरचा काठ ढासळतो, त्याला उभी दरड पडते. आतल्या काठाला वाळूचा उतार साचतो. वळण त्यामुळे वाढत जाते. याच उभ्या मातीच्या दरडीत खंड्या पक्षी आडवे बीळ कोरून अंडी घालतो. काठाला दगडी पिचिंग (दगडांचे अस्तर) केले की त्याचे घर संपले.

सरळ केलेल्या नद्यांचा अनुभव आता दोनशे वर्षांचा आहे. ऱ्हाईनचा वरचा भाग टुल्ला या अभियंत्याच्या आराखड्याने १८१७ पासून सरळ करण्यात आला. नदी सुमारे ८१ किलोमीटरने आखूड झाली. उतार वाढला, तळ खणला गेला, काठच्या शेतांखालची पाण्याची पातळी उतरली आणि खालच्या शहरांकडे पूर लवकर पोचू लागले. फ्लोरिडातली किसिमी नदी १९६२ ते १९७१ मध्ये १६६ किलोमीटरवरून ९० किलोमीटरच्या कालव्यात बसवली गेली. काठची दलदल सुकली, पाणपक्षी ओसरले, आणि १९९९ पासून तोच कालवा काही ठिकाणी बुजवून जुनी वळणे मोकळी करण्याचे काम हाती घ्यावे लागले. ते २०२१ मध्ये संपले. खणण्याला लागली त्याच्या दुपटीहून जास्त वर्षे बुजवण्याला लागली. सिंगापूरच्या बिशान उद्यानात २.७ किलोमीटरची सरळ काँक्रीट नाली २०१२ पर्यंत ३.२ किलोमीटरच्या वळणदार नदीत बदलली. पूर आला की उद्यानाचा सखल भाग पाण्याखाली जातो आणि ते आधीच ठरलेले असते. नेदरलँड्समधल्या नाइमेखन शहरासमोर वाल नदीचा बांध ३५० मीटर मागे हटवला. जर्मनीत म्युनिकमधून जाणाऱ्या इझार नदीचे आठ किलोमीटरचे काठ २००० ते २०११ मध्ये मोकळे केले, काँक्रीट काढले, गोट्यांचे किनारे परत येऊ दिले, आणि पुराचे पाणी वाहून नेण्याची ताकदही वाढवली. शहरात नदीला जागा देता येत नाही, हे म्हणणे या उदाहरणांनंतर टिकत नाही. जागा द्यायला धैर्य लागते आणि जमिनीवरचा हक्क सोडावा लागतो, हे मात्र खरे.

सोलमधल्या चॉन्गेचॉन ओढ्याचेही नाव नेहमी घेतले जाते. त्यावरचा उन्नत रस्ता पाडून २००५ मध्ये सुमारे पावणेसहा किलोमीटरचा प्रवाह खुला केला. माणसे तिथे पाण्यात पाय सोडून बसतात आणि त्याचा आम्हाला मनापासून आनंद आहे. पण तिथले बहुतेक पाणी हान नदीतून पंपाने आणावे लागते. कुठल्याही शहराने असा प्रकल्प मांडला, की विचारायचा पहिला प्रश्न हा: उन्हाळ्यात या पात्राचे स्वतःचे पाणी किती? त्याचे उत्तर फक्त विसर्गाची नोंद देऊ शकते.

पाण्याच्या गुणवत्तेकडे येताना आधी नाक आणि डोळे वापरावेत. सडक्या अंड्याचा वास म्हणजे तळाच्या गाळात ऑक्सिजन संपला आहे. नाल्याच्या तोंडाखाली दगडांवर करडे, कापसासारखे बुळबुळीत धागे लोंबत असतील, तर सांडपाणी सतत येते आहे असे समजावे. एखाद्या दिवसाच्या गळतीने ते वाढत नाहीत. पृष्ठभागावर इंद्रधनुषी तवंग दिसला तर लगेच तेल म्हणू नये. काडीने तो हलवून बघावा. तेलाचा तवंग काडी काढली की पुन्हा जुळून येतो; लोहजिवाणूंचा तवंग काचेसारखा कोनदार तुकड्यांत फुटतो आणि तसाच तरंगत राहतो. हा दुसरा प्रकार नैसर्गिक आहे. फेसाचेही तसेच. पालापाचोळ्याच्या द्रव्यांनी होणारा फेस तपकिरी असतो, त्याला मातकट वास येतो आणि तो आडोशाला साचतो. साबणाचा फेस पांढरा, सुगंधी, आणि बहुधा एखाद्या नाल्याच्या किंवा बंधाऱ्याच्या खालीच सुरू होतो. वरच्या अंगाला चालत जाऊन तो कुठे थांबतो ते बघितले की उगम सापडतो.

विरघळलेला ऑक्सिजन मोजायची छोटी रासायनिक पेटी मिळते. १८८८ मध्ये विंकलर यांनी दिलेल्या रीतीवरच अशा पेट्या चालतात. २० अंश सेल्सियसला पाणी लिटरमागे जास्तीत जास्त ९.१ मिलिग्रॅम ऑक्सिजन धरते, ३० अंशाला ७.५. त्यामुळे तापमान लिहिले नाही तर ऑक्सिजनचा आकडा अर्धाच राहतो. चार-पाचाच्या खाली मासे कासावीस होतात, दोनच्या खाली बहुतेक मरतात. सर्वांत मोठी चूक वेळेची होते. दुपारी मोजले तर शेवाळाने उन्हात सोडलेल्या ऑक्सिजनमुळे घाण पाणीही उत्तम ठरते. रात्रभर तेच शेवाळ ऑक्सिजन ओढते आणि पहाटे आकडा तळाला जातो. म्हणून मोजणी उजाडताना करावी, शक्य असेल तर दुपारीही. दोन्हींत जितका मोठा फरक तितके पाण्यात खतद्रव्य जास्त. बाटली पाण्याखाली धरून, एकही बुडबुडा न राहता भरून तिथेच बूच लावावे. बादलीत पाणी ओढून वर आणले की त्यात हवा मिसळते आणि मोजणी वाया जाते. पहिल्या जोरदार पावसानंतरच्या पहाटे तर अवश्य जावे. रस्त्यांवरची सगळी घाण आणि पात्रात बसलेला गाळ एकदम उठतो, आणि वर्षातली सर्वांत मोठी मासेमर बहुधा त्याच दिवशी होते.

जलपर्णी हे लक्षण आहे. सांडपाण्यातले नायट्रोजन आणि फॉस्फरस तिला पोसतात. अनुकूल पाण्यात ती दोनेक आठवड्यांत दुप्पट होते. ती काढणे आवश्यक आहेच, पण औषध फवारून पात्रातच सडू दिली तर सडताना ती उरलासुरला ऑक्सिजन खाते. तिच्या वजनात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असते, त्यामुळे काढून काठावर पाणी निथळू द्यावे, मगच वाहून न्यावी. ढीग मात्र पूररेषेच्या बाहेर हवा.

रसायनांचा आकडा त्या क्षणाचा असतो. किडे-जीव गेल्या कित्येक महिन्यांचे सांगतात. यासाठी अर्धा मिलिमीटर जाळीची पिशवी आणि पांढरा ट्रे लागतो. खळाळात जाळी प्रवाहाकडे तोंड करून तळाला टेकवायची, तिच्या वरच्या बाजूला उभे राहून तळ पायाने तीन मिनिटे ढवळायचा. उठलेले जीव वाहत जाळीत येतात. ट्रेमध्ये स्वच्छ पाणी घालून पाच मिनिटे स्वस्थ बघत राहावे, कारण निम्मे जीव हलल्याशिवाय दिसतच नाहीत. पोटाच्या दोन्ही कडांना पिसासारखे कल्ले फडफडवणारे आणि मागे बहुधा तीन शेपट्या असलेले मेफ्लायचे पिल्लू, दोनच शेपट्यांचे स्टोनफ्लायचे पिल्लू, वाळूचे कण किंवा काड्या चिकटवून स्वतःभोवती नळी बांधणारी कॅडिसफ्लायची अळी, हे तिघे सापडले तर पाण्यात ऑक्सिजन टिकून आहे. चतुर आणि टाचणी या उडत्या किड्यांची पिल्ले मध्यम पाणीही सोसतात. नुसत्याच लाल, वळवळत्या अळ्या मिळाल्या तर परिस्थिती वाईट. त्यांचा लाल रंग हिमोग्लोबिनचा, आणि त्याच्या बळावरच त्या ऑक्सिजन नसलेल्या गाळात जगतात. डोहातला नमुना खळाळाशी तोलू नये. पुरानंतर दोन-तीन आठवडे थांबावे, कारण पुराने जीव वाहून गेलेले असतात आणि स्वच्छ नदीही रिकामी दिसते. पाहणी झाली की सगळे जीव तिथेच सोडायचे. उचललेला दगड होता तसाच, त्याच बाजूने ठेवायचा, कारण खालच्या ओल्या अंगाला अंडी असतात.

सुरक्षेचे नियम कटाक्षाने पाळावेत. एकट्याने पाण्यात उतरू नये. गुडघ्याच्या वर पाणी असेल तर उतरूच नये, आणि वेगवान प्रवाहात गुडघ्याइतकेही जास्त होते; वेग दुप्पट झाला की पायावरचा धक्का चौपट होतो. बुटक्या बंधाऱ्याच्या लगेच खाली पाणी शांत वाटते. तिथे ते मागे वळून बंधाऱ्याकडे फिरत असते आणि पडलेल्याला पुन्हा पुन्हा खाली ओढते. पट्टीचा पोहणाराही तिथून सुटत नाही. उभ्या दरडीच्या कडेवर थांबू नये, ती खालून पोखरलेली असते. हातापायाला जखम असेल तर पाण्यात हात घालू नये. काम संपल्यावर साबणाने हात धुवावेत. पुराच्या दिवशी पातळी फक्त पुलावरून, पोलिसांनी पूल खुला ठेवला असेल तरच घ्यावी.

एवढ्या खटाटोपाने होते काय, असे कोणी विचारील. १९५७ मध्ये लंडनच्या थेम्सला जीवशास्त्रीय दृष्ट्या मृत ठरवले गेले. आज तिच्यात शंभराहून अधिक जातींचे मासे नोंदलेले आहेत. सांडपाण्याची केंद्रे सुधारली हे त्यामागचे मुख्य कारण. पण सुधारणा होते आहे की नाही हे मासे आणि ऑक्सिजन मोजत राहिल्यामुळेच ठरवता आले. पॅरिसमध्ये सीन नदीत पोहायला १९२३ पासून बंदी होती, ती २०२५ च्या उन्हाळ्यात तीन ठिकाणी उठली. तिथे रोज पाण्याची तपासणी होते आणि त्यावरून त्या दिवशी पोहणे चालू की बंद ते ठरते. जोराचा पाऊस झाला की बंद. लोकांनी नदीचा आकडा रोज बघायचा, हे तिथे अंगवळणी पडते आहे.

आपल्याकडे मागणी अशी आहे. आठवड्यातून एकदा, तापमानाच्या चौकटीशेजारी, नदीची छोटी चौकट छापावी. त्यात चारच गोष्टी असाव्यात: ठरलेल्या पुलाखालची पातळी, मोजलेला किंवा आलेखावरून काढलेला विसर्ग, पहाटेचे पाण्याचे तापमान आणि त्या वेळचा विरघळलेला ऑक्सिजन. शेजारी गेल्या वर्षीच्या त्याच आठवड्याचा आकडा. शहरातला एक पूल, शहराच्या वरचे एक गाव आणि खालचे एक गाव, अशा तीन जागा पुरेत. वरच्या आणि खालच्या गावाच्या आकड्यांत जो फरक असेल, तो शहराने नदीला काय दिले याचा हिशेब असेल, आणि तो दर आठवड्याला सगळ्यांसमोर राहील. पहिल्या वर्षी तुलनेचा रकाना रिकामा असेल. तो रिकामाच छापावा, अंदाजाने भरू नये. एखाद्या आठवड्यात मोजणी झाली नाही तर ‘नोंद नाही’ असे स्पष्ट लिहावे. मोजणी करणाऱ्या वाचकांच्या वह्या तीन महिन्यांतून एकदा तपासून द्यायला आणि चुका दाखवायला आम्ही तयार आहोत.

आपले,
नदीकाठी मोजणी करणारे काही वाचक